पत्त्यांची वही

या वेळचा विषय संगणकाचा आहे, पण एवढ्यावरून वाचणं सोडू नका. मी आयुष्यभर मुलुंडच्या एका मराठी शाळेत इतिहास आणि मराठी शिकवलं. संगणकातलं मला जे काही कळतं ते माझ्या भाच्यामुळे. तो अंधेरीला एका कंपनीत तिथल्या संगणकांची देखभाल करतो. रविवारी आला की चहाबरोबर माझी शिकवणी होते. तो कागदावर चौकोन काढतो, बाण काढतो, आणि मी मध्ये मध्ये शंका विचारते. (विद्यार्थी म्हणून मी फार छळवादी आहे, असं त्याचं मत.)

या विषयात माझं मन रमलं, कारण ही सगळी हकिगत एका वहीची आहे. डावीकडे नाव, उजवीकडे पत्ता. वही कोणी लिहायची, बदल कोणी करायचा, खोडायचं कोणी, या प्रश्नांचा हा इतिहास. आणि पट, रजिस्टर, खाडाखोड हे तर आम्हा शिक्षकांचं माहेरच.

आधी आपल्या ओळखीच्या पत्त्यापासून सुरुवात करते. १५ ऑगस्ट १९७२ ला आपल्याकडे पिन कोड आला. तो आणणारे श्रीराम भिकाजी वेलणकर हे मराठी गृहस्थ, टपाल खात्यातले मोठे अधिकारी आणि संस्कृतचे नावाजलेले लेखक. मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते. आम्ही उपनगरवाले त्याआधीपासून पत्राच्या खाली नंबर लिहीतच होतो. मुलुंड म्हणजे मुंबई ८०, घाटकोपर मुंबई ७७, अंधेरी मुंबई ६९ किंवा ५८. नव्या पद्धतीत त्याच्यामागे ४०० आणि एक शून्य आलं, की झाला पिन कोड. जुना नंबर मोडला नाही, त्याच्याच अंगावर नवा चढवला. सरकारी कामात इतका शहाणपणा विरळाच.

आता संगणकांचं ऐका. इंटरनेटवरच्या प्रत्येक संगणकाला एक आकडी पत्ता असतो, चार आकडे आणि मध्ये टिंबं. (हल्ली याहून लांबलचक पत्तेही असतात, पण ते सोडून देऊ.) यंत्रांना आकडे चालतात, आपल्याला नावं लागतात. आपण नाव टाइप केलं की कुठेतरी कोणीतरी वही उघडून त्या नावापुढचा आकडा सांगावा लागतो. हे काम करणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात, डोमेन नेम सिस्टिम. ती बंद पडली तर पलीकडचं यंत्र ठणठणीत असूनही आपल्याला सापडत नाही. घर जागेवर, घरात माणसं, दिवा लागलेला, पण पोस्टमनकडे पत्ताच नाही.

सुरुवातीला ही खरोखरच एक वही होती. म्हणजे एकच फाइल, नाव हॉस्ट्स डॉट टीएक्सटी. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या मेन्लो पार्कला एसआरआय नावाच्या संस्थेत ती ठेवलेली असे आणि तिथल्या माहिती केंद्राच्या प्रमुख होत्या एलिझाबेथ फाइनलर. कोणाला नवीन संगणक जोडायचा असेल तर त्यांच्या केंद्राला कळवायचं. तिथली माणसं बघणार, ते नाव आधी कोणी घेतलेलं नाही ना, मग नोंद करणार. आठवड्यातून एकदोनदा नवी प्रत निघायची आणि बाकीचे सगळे ती उतरवून घ्यायचे. आमच्या शाळेत हेडक्लार्क एकटेच जनरल रजिस्टरला हात लावायचे, तसाच हा कारभार. संथ होता. पण एका नावावर दोन मुलं चढली, असं होणं कठीण.

संगणक वाढले तशी ती वही पुरेना. १९८३ साली पॉल मॉकापेट्रिस यांनी नवी व्यवस्था मांडली. एकच मोठी वही नको, जो तो आपापल्या हद्दीची वही ठेवील. वरच्याने फक्त एवढंच सांगायचं की अमक्या हद्दीची वही तमक्याकडे आहे. जिल्हा, तालुका, गाव असे आपले दप्तर असते ना, तसंच.

आणि इथे आपलं जुहू येतं! भारताच्या नावाचं दप्तर, म्हणजे नावाच्या शेवटी जे ‘डॉट इन’ येतं ते, मे १९८९ मध्ये आपल्या देशाकडे आलं आणि ते सांभाळलं जुहूच्या एनसीएसटीने, नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजी या संस्थेने. विलेपार्ले-अंधेरीहून चौपाटीला जाणाऱ्या किती जणांनी ती इमारत पाहिली असेल, पण आत देशाची पत्त्यांची वही आहे हे किती जणांना ठाऊक होतं? संस्थेचे संचालक होते डॉ. श्रीनिवासन रमाणी. त्याच्या दोनतीन वर्षं आधीच जुहूची ही संस्था आणि पवईची आयआयटी यांच्यात टेलिफोनच्या तारेवरून ईमेलची देवाणघेवाण सुरू झाली होती. जुहू ते पवई. तेव्हा आपल्याला मुलुंडहून अंधेरीला साधा फोन धड लागत नसे, हे लक्षात घ्या. एर्नेट या शिक्षण-संशोधनाच्या जाळ्याचं ते काम होतं. पुढे १९८९ मध्ये जुहूहून थेट अमेरिकेत व्हर्जिनियामधल्या यूयूनेट या कंपनीपर्यंत एक तार भाड्याने घेतली. तिचा वेग सेकंदाला ९६०० बिट. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटो तिच्यावरून पाठवायचा तर तास उलटून जाईल. व्हर्जिनिया हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही भारताची वहीसुद्धा माणसांनी चालवलेली होती. नाव हवं तर कागदपत्रं दाखवा, संस्था खरी आहे हे पटवा, मग नाव मिळेल. २००४ अखेरपर्यंत डॉट इनमध्ये जेमतेम सात हजार नावं नोंदली गेली होती. जानेवारी २००५ पासून हे काम निक्सी या संस्थेकडे गेलं, नियम सैल झाले आणि संख्या लाखांच्या घरात गेली. (एनसीएसटी त्याआधीच सी-डॅकमध्ये विलीन झाली होती.) कागदपत्रांचा तो काच गेला हे चांगलंच झालं. इतिहासाच्या शिक्षिकेला जुन्याचा कितीही कळवळा असला तरी, सात हजार नावांत एवढा देश मावत नाही.

आतापर्यंत वहीत नावं वाढत होती, पण पत्ते सहसा बदलत नव्हते. खरी गंमत (आणि डोकेदुखी) पत्ते बदलायला लागल्यावर सुरू झाली.

१५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगमने सामान्य लोकांना इंटरनेट दिलं. आठवतंय ना, फोनच्या तारेतून ती कर्कश शिट्टी, आणि घरात कोणी रिसीव्हर उचलला की सगळं मुसळ केरात? त्यात दर वेळी फोन लावला की आपल्या संगणकाला वेगळा पत्ता मिळायचा. कारण माणसं जास्त, पत्ते कमी. कार्यालयांतही तेच झालं. १९९३ मध्ये डीएचसीपी नावाची पद्धत आली. यात पत्ता कायमचा मिळत नाही, भाड्याने मिळतो. इंग्रजीतसुद्धा त्याला ‘लीज’च म्हणतात. मुंबईकराला हे समजावून सांगायला नको. अकरा महिन्यांचं लीव्ह अँड लायसन्स, मुदत संपत आली की एजंटचा फोन. इथे मुदत तासांची किंवा दिवसांची. अर्धी मुदत उलटली की यंत्र आपण होऊनच मुदतवाढ मागतं, आणि ती नाही मिळाली तर पत्ता जातो, दुसरा घ्यावा लागतो.

आमच्या भागात सध्या जिकडे तिकडे पुनर्विकास चालू आहे, त्यामुळे मला हे फारच पटलं. आमच्याच गल्लीतल्या तीन सोसायट्या पाडल्या आहेत. कोणी ठाण्याला भाड्याने, कोणी भांडुपला, कोणी मुलाकडे बोरिवलीला. बँकेची पत्रं जुन्या पत्त्यावर येतात आणि पत्र्याच्या कुंपणाला अडकून भिजतात. माणूस हललाय, वही हललेली नाही.

मग प्रश्न आला, यंत्राचा पत्ता रोज बदलणार, तर वहीत तो लिहायचा कोणी? माणसाने बसून लिहिणं शक्यच नाही. म्हणून एप्रिल १९९७ मध्ये नवा नियम निघाला. व्हिक्सी, थॉमसन, रेख्टर आणि बाउंड या चौघांनी तो लिहिला. यंत्राने, किंवा पत्ते भाड्याने देणाऱ्या सर्व्हरने, स्वतःच वहीवाल्याला कळवायचं की माझा नवा पत्ता हा, लिहून घे. याला डायनॅमिक अपडेट म्हणतात. इथून पुढे वही आपली आपणच लिहिली जाऊ लागली.

त्या नियमातल्या दोन गोष्टी भाच्याने वाचून सांगितल्या तेव्हा मी खरंच खूश झाले. पहिली अशी, की बदल कळवताना सोबत अट घालता येते. ‘हे नाव वहीत आधीपासून नसेल, तरच लिही’ किंवा ‘आत्ता इथे अमुकच नोंद असेल, तरच बदल’. आणि वहीवाल्याने अट तपासणं आणि नोंद करणं हे एका दमात करायचं, मध्ये दुसऱ्या कोणाचा हात येऊ द्यायचा नाही. दुसरी गोष्ट अशी, की त्या हद्दीची वही कुणाकडे आहे हे सांगणारी जी नोंद असते, ती शेवटची एकच उरली असेल तर ‘ती पूस’ असा हुकूम आला तरी मानायचा नाही. मुकाट दुर्लक्ष करायचं. हे लिहिणारी माणसं अनुभवी कारकुनांसारखी होती. आमचे हेडक्लार्क असेच होते. वरिष्ठांनी सांगितलं तरी जनरल रजिस्टरमध्ये ब्लेडने खरवडू द्यायचे नाहीत. बदल करायचा तर शिक्षण निरीक्षकांची लेखी मंजुरी आणा, लाल शाईने आडवी रेघ मारा, जुनं वाचता आलं पाहिजे, बाजूला सही.

पण नियम चांगला असला म्हणून घोटाळे होत नाहीत असं थोडंच आहे?

भाच्याच्या आधीच्या एका नोकरीतली गोष्ट. एका सोमवारी सकाळी ऑफिसात कोणालाच काही सापडेना. ईमेल नाही, हिशेबाचा सर्व्हर नाही, प्रिंटरसुद्धा नाही. सगळे म्हणतात ‘नेट गेलं’. साहेब म्हणतात केबलवाल्याला बोलवा. याने पहिलं काम काय केलं, तर हिशेबाच्या सर्व्हरचा आकडी पत्ता त्याला पाठ होता, तो टाकून पाहिला. सर्व्हरने लगेच उत्तर दिलं. नाव टाकलं, तर उत्तर नाही. म्हणजे तार ठीक, यंत्र ठीक, बिघाड वहीत. तो म्हणतो, “मावशी, निम्मं निदान इथेच होतं, पण लोक तासभर तारा उपटत बसतात.”

मग त्याने वही सांभाळणाऱ्या सर्व्हरची रोजची टिपणं उघडली. त्यात एक ओळ होती, तिचा मराठीत अर्थ असा की रोजकीर्द आणि खातेवही जुळत नाहीत, म्हणून ही वही मी उघडत नाही.

ज्यांच्या घरात दुकानदारी होती त्यांना हे चटकन कळेल. दिवसभराचे व्यवहार आधी रोजकीर्दीत पडतात, मग सवडीने खतावणी होते. डीएनएसचं काम करणारा जो बाइंड नावाचा प्रसिद्ध प्रोग्राम आहे, (बर्कलीच्या विद्यार्थ्यांनी १९८०च्या दशकात लिहिला,) तोही असंच करतो. यंत्रांनी कळवलेले बदल तो तात्काळ एका रोजकीर्दीत टाकतो. तिला ते जर्नलच म्हणतात. मग साधारण पंधरा मिनिटांनी मुख्य फाइलमध्ये उतरवतो. प्रत्येक बदलाबरोबर वहीचा अनुक्रमांक वाढतो, आणि त्यावरूनच दोन्ही जुळतात की नाही हे त्याला कळतं.

त्या ऑफिसात शनिवारी कोणीतरी नवा प्रिंटर आणला आणि पूर्वीच्या सवयीने मुख्य फाइल उघडून हाताने एक ओळ घातली. अनुक्रमांकही वाढवला, शिस्तीत. पण वही तर यंत्राच्या ताब्यात होती. रविवारी वीज गेली, सर्व्हर बंद पडून पुन्हा चालू झाला, त्याने रोजकीर्द काढली, खातेवही काढली, पाहतो तर आकडे जुळेनात. त्याने हात वर केले. एका प्रिंटरच्या ओळीपायी सगळं ऑफिस सोमवारी आंधळं.

मी विचारलं, मग हाताने लिहायचंच नाही का? लिहायचं, पण आधी सांगून. ‘फ्रीझ’ असा हुकूम द्यायचा. मग तो रोजकीर्दीतलं सगळं खातेवहीत उतरवतो आणि बाहेरून येणारे बदल घेणं थांबवतो. आपण आपली ओळ लिहायची, अनुक्रमांक वाढवायचा, मग ‘थॉ’ म्हणायचं. म्हणजे आधी गोठव, मग वितळव. त्या सोमवारी ती वेळ टळून गेली होती, म्हणून जुनी रोजकीर्द बाजूला काढून ठेवली आणि खातेवही आहे तशी उघडली. रोजकीर्दीतले शेवटचे काही बदल गेले, पण यंत्रांची मुदतवाढ झाली तशी त्यांनी आपली नावं पुन्हा लिहून घेतली. दुपारपर्यंत सगळं जागेवर. भाच्याचं जेवण मात्र चार वाजता.

ही झाली घरगुती फजिती. २८ जुलै २००९ ला जगभरच्या वहीवाल्यांची झोप उडाली ती याच डायनॅमिक अपडेटमुळे. बाइंड सांभाळणाऱ्या इंटरनेट सिस्टिम्स कन्सॉर्शियम या संस्थेने जाहीर केलं की मुद्दाम वेडावाकडा लिहिलेला, ‘माझा पत्ता बदला’ असा एकच निरोप पाठवला तर बाइंडचा नववा अवतार जागच्या जागी बंद पडतो. ज्या सर्व्हरकडे एखाद्या हद्दीची मूळ वही आहे, असा कुठलाही. आणि त्याने डायनॅमिक अपडेट घ्यायचे नाहीत असं ठरवलेलं असलं तरी! आपल्या सोसायट्यांच्या गेटवर ‘विक्रेत्यांना प्रवेश नाही’ अशी पाटी असते. इथे पाटी होती, वॉचमनही होता, पण विक्रेत्याची चिठ्ठी वाचतानाच वॉचमन बेशुद्ध पडत होता. पाटीचा उपयोग काय? त्याच दिवशी दुरुस्त आवृत्ती निघाली, ती बसवणं हाच एक उपाय. पाडण्याची युक्ती आधीच लोकांच्या हाती लागली होती, त्यामुळे जगभर देखभाल करणाऱ्या माणसांची ती रात्र जागरणाची गेली.

लिहिण्याइतकंच खोडण्याचं प्रकरण आहे, आणि मला स्वतःला तेच जास्त लागतं. यंत्रं येतात, नाव लिहवून घेतात, निघून जातात, जाताना सांगत नाहीत. वहीत मेलेली नावं साचतात. म्हणून २००० साली आलेल्या विंडोजच्या सर्व्हरमध्ये सफाईची सोय झाली. नोंदीवर तारीख पडते, यंत्राने ठरावीक मुदतीत ‘मी आहे’ असं पुन्हा सांगितलं नाही तर नोंद शिळी धरून काढून टाकायची. मूळ मुदती सात दिवस आणि सात दिवस, मिळून चौदा. ही सफाई आपण चालू केली तरच चालते. पण न समजता चालू केली तर एखादा वर्षानुवर्षं इमाने इतबारे चाललेला सर्व्हर, ज्याने केवळ पुन्हा सांगितलं नाही, त्याचंही नाव उडतं. यंत्र चालू, नाव गायब.

शाळेत आम्हाला हे दर वर्षी करावं लागायचं. मूल बरेच दिवस आलं नाही की पटावरून नाव कमी करायचं. पावसाळ्यानंतर झोपड्या हटवल्या की भांडुप-मुलुंडच्या बाजूची दोनचार मुलं अशी गळायचीच. नाव कमी करण्याआधी वर्गशिक्षिकेने घरी जाऊन यावं, असा आमच्याकडे रिवाज होता. नियम नव्हे, रिवाज. मी एकदा सातवीतल्या एका मुलीच्या घरी गेले तर घरच नव्हतं, नुसता चौथरा. शेजारच्या टपरीवाल्याने सांगितलं, सगळे विक्रोळीला काकाकडे आहेत, बाप आजारी आहे. मुलगी परत आली ती दीड महिन्याने. तोपर्यंत तिचं नाव मी पटावर ठेवलं होतं, रोज ‘गैरहजर’ लिहीत. कमी केलं असतं तर पुन्हा दाखला, पुन्हा प्रवेश, आणि ते सगळं करायला येणार कोण होतं? बहुधा शाळाच सुटली असती. यंत्राच्या सफाईत हा टपरीवाला कुठेच नाही, हे मी भाच्याला म्हटलं. तो म्हणाला, “म्हणून तर महत्त्वाच्या नोंदींवर आम्ही तारीखच पडू देत नाही. त्या सफाईला दिसतच नाहीत.” बरं वाटलं ऐकून.

आता गेल्या दिवाळीतलं मोठं प्रकरण. २० ऑक्टोबर २०२५, नरक चतुर्दशी. आपल्याकडे फराळ उरकून दुपारचे १२ वाजून १८ मिनिटं झाली होती, अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर आदल्या दिवशीची मध्यरात्र व्हायला आली होती, तेव्हा ॲमेझॉनच्या उत्तर व्हर्जिनियातल्या केंद्रात एका नावापुढचा पत्ता नाहीसा झाला. होय, तोच व्हर्जिनियाचा भाग, जिथे १९८९ साली आपली जुहूची तार जाऊन पोचली होती. ॲमेझॉन आपले संगणक जगभरच्या कंपन्यांना भाड्याने देते, हे आता बहुतेकांना माहीत आहे. तिथे डायनॅमोडीबी नावाचं एक प्रचंड माहितीचं कोठार आहे. त्याचं दाराचं नाव कोणालाच सापडेना, आणि त्या कोठारावर अवलंबून असलेले शेकडो उद्योग अडले. स्नॅपचॅट, सिग्नल, ॲमेझॉनची स्वतःची अलेक्सा, सगळं.

काय झालं होतं, ते कंपनीने पुढे सविस्तर लिहून प्रसिद्ध केलं. मला तो खुलासा एखाद्या जुन्या बखरीसारखा वाटला, म्हणून जरा रेंगाळून सांगते.

त्या कोठाराच्या पत्त्यांच्या नोंदी काही लाख. पाठीमागची यंत्रं वाढतात, कमी होतात, बिघडतात, तसे पत्ते सतत बदलतात. म्हणून हे काम दोन प्रकारच्या स्वयंचलित प्रोग्रामांवर सोपवलेलं. एक आराखडा करणारा. तो यंत्रांची हालहवाल बघून ठरावीक काळाने नवा तक्ता तयार करतो, की आता अमुक नावापुढे हे हे पत्ते असावेत. दुसरा तो तक्ता वहीत उतरवणारा. उतरवणारे तीन, तीन वेगळ्या ठिकाणी, एकमेकांवर अवलंबून नसलेले. एक पडला तर दुसरा आहे, अशी सुरक्षितता.

त्या दिवशी पहिल्या उतरवणाऱ्याचं काम कशाने तरी अडखळत होतं. त्याने हातात एक तक्ता घेतला, सुरुवातीला रिवाजाप्रमाणे तपासलं, की वहीत आहे त्यापेक्षा माझा तक्ता नवा आहे ना? होता. मग एकेक नोंद करत तो सावकाश निघाला. दरम्यान आराखडेवाला नवनवे तक्ते काढतच होता. दुसऱ्या उतरवणाऱ्याने त्यातला अगदी ताजा उचलला, भराभर सगळीकडे उतरवला आणि नेमाप्रमाणे सफाईला लागला. फार जुने तक्ते फेकून द्यायचे, हा त्याच्या कामाचा भाग. नेमक्या त्याच वेळी पहिला रखडत रखडत त्या मुख्य नावापाशी पोचला आणि त्याने आपला जुना तक्ता ताज्यावर चढवला. त्याने तपासलं होतं खरं, पण कधी? सुरुवातीला. ते तपासणं शिळं झालं होतं. आणि इकडे सफाई करणाऱ्याला दिसलं, की हा तक्ता तर कितीतरी पिढ्या जुना आहे. त्याने तो फेकला. तोच तक्ता त्या क्षणी वहीत लागू होता. त्याबरोबर त्या नावापुढचे सगळेच्या सगळे पत्ते गेले. नाव राहिलं, पुढे कोरं.

यात चुकीचं काम कोणी केलं सांगा? आराखडेवाल्याने नवे तक्ते काढले, बरोबर. पहिल्याने तपासून लिहिलं. दुसऱ्याने ताजं लिहिलं आणि कचरा काढला. तिघेही कामसू! संगणकवाले याला रेस कंडिशन म्हणतात, म्हणजे दोघांची शर्यत, आणि कोण आधी पोचतो त्यावर निकाल. १९९७ च्या त्या चौघांनी तपासणं आणि लिहिणं एका दमात करा असं म्हटलं होतं, ते किती विचाराने, हे मला इथे कळलं. शेवटची नोंद पुसू नका हेही. ॲमेझॉनची व्यवस्था वेगळी, तिचा व्याप वेगळा, १९९७ चा नियम तिला जसाच्या तसा लागू होत नाही हे मान्य. तरी ‘पुढे एकही पत्ता उरणार नसेल तर थांब’ एवढं सांगणारा एक खडूस हेडक्लार्क तिथे हवा होता, हे माझं मत.

पुढचं आणखी वाईट. वही अशा विचित्र अवस्थेत अडकली होती की तिन्ही उतरवणाऱ्यांपैकी कोणालाच तिच्यात नवा तक्ता चढवता येईना. स्वयंचलित व्यवस्था स्वतःला दुरुस्त करू शकली नाही. माणसांनीच हात घालावा लागला. बिघाड कोठारात नाही, नावाच्या नोंदीत आहे हे त्यांच्या लक्षात यायला सुमारे पन्नास मिनिटं गेली. नोंद पूर्ववत झाली तेव्हा आपल्याकडे २ वाजून ५५ मिनिटं झाली होती. त्यानंतरही सगळ्यांना लगेच पत्ता मिळाला नाही. कारण वहीवाल्याकडून एकदा ऐकलेलं उत्तर प्रत्येक जण थोडा वेळ लक्षात ठेवतो, दर वेळी नव्याने विचारत नाही. ‘काही नाही’ हे उत्तरही तसंच लक्षात राहतं. ते विसरेपर्यंत आणखी पंधरा मिनिटं.

आणि नोंद दुरुस्त झाली म्हणून प्रकरण संपलं नाही. त्या अडीच-पावणेतीन तासांत मागे जी कामं तुंबली होती, ती एकदम अंगावर आली. नवे संगणक भाड्याने देणारा विभाग पूर्ण रुळावर यायला आपल्याकडची रात्रीची २ वाजून २० मिनिटं झाली, म्हणजे दुसरा दिवस उजाडायच्या बेताला. आमचा भाचा दिवाळीत आमच्याकडेच होता. त्याच्या कंपनीचं काम तिकडच्या काही सेवांवर चालतं, त्यामुळे फराळाच्या ताटावरून उठला तो लॅपटॉप घेऊन कोपऱ्यात बसला. चकली एका हातात. त्याची आई, म्हणजे माझी बहीण, दर पंधरा मिनिटांनी विचारायची, “झालं का रे?” त्याला करण्यासारखं काही नव्हतंच. वही दुसऱ्याची.

ॲमेझॉनने नंतर ती आराखडेवाली आणि उतरवणारी व्यवस्था जगभर सगळीकडे बंद ठेवली. ती शर्यत होऊ नये असा बंदोबस्त आणि चुकीचा तक्ता लागू होऊ नये अशी आणखी काही राखण घातल्याशिवाय पुन्हा चालू करणार नाही, असं त्यांनी लिहिलं होतं.

भाच्याने स्वतःच्या ऑफिसात मात्र दिवाळीची सुट्टी संपल्यावर एक गोष्ट केली. आठ-दहा महत्त्वाच्या सर्व्हरांची नावं आणि त्यांचे आकडी पत्ते एका कागदावर छापून कपाटाच्या दाराला आतून चिकटवले, खाली तारीख आणि सही. पत्ता बदलला तर जुन्यावर एकच रेघ मारायची आणि बाजूला नवा लिहायचा, खरवडायचं नाही, हे मी त्याला बजावलं आहे. मार्चमध्ये विचारलं तेव्हा म्हणाला, दोन रेघा पडल्यात.